मानेगाचा बोलणारे लोबसांगकाका

लोबसांगकाका आपल्या म्हशीशी ज्या भाषेत बोलायचे, ती भाषा अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसऱ्या कोणालाही येत नव्हती. आता आमच्या जिल्ह्यात भाषांचा काही तुटवडा नाही. गावात झाडीबोली, माझ्या घरी पोवारी, जंगलाकडे गेलं की गोंडी, गोंदिया शहरात हिंदी, आणि गाडीत शेजारी बसलेली बाई छत्तीसगडीत भांडत असते. पण राणी नावाच्या त्या म्हशीसाठी काकांनी यांच्यातली एकही वापरली नाही. तिच्यासाठी त्यांची वेगळीच भाषा होती, आणि धार काढताना ते तिच्याशी इतकं बोलायचे, इतकं बोलायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, दूध म्हशीचं नसून गप्पांचं निघतंय.

मी गोठणगावात झेरॉक्स आणि ऑनलाइनचं दुकान चालवते. आमच्या गावाला लागून तिबेटी वसाहत आहे. आम्ही तिला नुसतं ‘कॅम्प’ म्हणतो. कॅम्पातले लोक घरी तिबेटी बोलतात, बाहेर आमच्यासारखीच झाडीबोली. थंडी आली की स्वेटर विकायला मोठ्या शहरांत जातात, बाकी वर्षभर धान आणि मका करतात. लोबसांगकाका त्यांच्यातलेच. पासष्टी ओलांडलेले, बुटके, कायम घाईत. बायको वारलेली, एक मुलगी दिल्लीत नर्स. बाजारात कोणी ‘ओ नेपाळी’ म्हटलं तर ते काही बोलत नसत. ‘ओ चायना’ म्हटलं तर मात्र थैली खाली ठेवून परत यायचे.

“काऊन बे, चायना कोनाले म्हनते? मी तिबेटचा. अन् बोली माजी मंगोल हाये, मंगोल!” असं म्हणून ते अंगठा छातीवर ठोकायचे. समोरचा आपला वाटेला लागायचा. अर्धं त्याला कळलेलं नसायचं आणि अर्धं त्याला नको असायचं.

विकायची अंडी मोजतानाही ते ह्याच भाषेत मोजायचे. एक म्हणजे नेगे, दोन म्हणजे गुवार, तीन म्हणजे गुरां, चार म्हणजे देरां. एकदा ते बाजारात “नेगे, गुवार, गुरां” करत होते, तर शेजारची भाजीवाली म्हणाली, “गवार माज्याकडे हाये काका, अन् गुरांचा बाजार इथी भरत नाई.” अख्खी ओळ हसली. काका सगळ्यांत मोठ्याने हसले आणि मोजणी चुकली म्हणून पुन्हा ‘नेगे’पासून सुरुवात केली.

“काका, ही भाषा तरी कोणती?” मी एकदा विचारलं.

“मानेगाचा.”

“कोणत्या मानेगावचा? देवरीकडं आहे का ते?”

“गाव नाई वो बाई! माने म्हंजे आपली. गाचा म्हंजे बोली. आपली बोली! माजी माय असंच म्हने.”

मग त्यांनी मायची हकिगत सांगितली. तिबेटच्या पार ईशान्य टोकाला कुठलंसं खोरं, त्यात त्यांचं गाव. आजूबाजूला सगळे तिबेटी बोलणारे. ह्यांच्या तीन-चार गावांतच तेवढी ही बोली. माय त्यांना पाठीवर बांधून हिमालय ओलांडून आली. वाटेत नवरा गेला. कॅम्पात त्या खोऱ्यातलं दुसरं कोणीच नव्हतं. मायलेक दोघंच ती बोली बोलायची. काकांना मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा माय गेली. तेव्हापासून बोलायला कोणी नाही. बायको ल्हासाकडची; ती म्हणायची, ही भुतांची भाषा आहे, घरात नको. मग काकांनी ती गोठ्यात नेली.

कॅम्पातल्या म्हाताऱ्यांचं तर वेगळंच म्हणणं होतं. ते म्हणत, लोबसांगची माय दुःखानं डोक्यानं जरा सरकली होती, तिनंच ते सगळं बनवलं. अशी भाषा कुठं नाहीच! काका ह्यावर चिडत. पण चिडून झालं की तेच आकडे हळूच पुन्हा पुटपुटून बघत, ते मी पाहिलं होतं.

एवढ्यात काकांचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांनी राणीला विकलं. घेणारा शेजारच्या गावचा भोजराज. धिप्पाड, मिशाळ, दुधाचा धंदा करणारा. आठ दिवस गेले नसतील, तर भोजराज माझ्या दुकानाच्या दारात. काका आत आधारकार्डाची झेरॉक्स काढायला बसलेले.

“काका, तुमची म्हैस मराठी समजत नाई!”

“मंग?”

“मंग काय? लाथा मारून राहिली. दूध चोरून राहिली. अन् एक नवीनच तमाशा. मी पोराले हाक मारली, ‘काय रे’, तं पोरगा येत नाई, म्हैस येते! बायको म्हनते, ‘असं काऊन रे’, तं म्हैस तिच्या अंगावर! आमच्या घरात आता ‘रे’ म्हनाची चोरी झाली!”

काका खुर्चीतून उडालेच. “बराबर हाये! ‘रे’ म्हंजे ये! मानेगाचात ‘रे’ म्हंजे ये!”

“आता मी काय मानेगाचा शिकू?”

उपाय मला सुचला. मी काकांना मोबाइलसमोर बसवलं आणि म्हटलं, राणीशी रोज बोलता ते बोला. आधी ते लाजले. मग त्यांनी डोळे मिटले, हात धार काढल्यासारखे हवेत हलायला लागले आणि सुरू झाले. हळू, गोड, गुणगुणल्यासारखं. “रे, रे...” मग काहीबाही लांबलचक. दुकानात फॉर्म भरायला आलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. मी ती क्लिप भोजराजला पाठवली. संध्याकाळी त्याचा फोन आला, “बाप्पा! बादली भरली!”

त्यानं गंमत म्हणून ती क्लिप पुढं पाठवली. वर हिंदीत लिहिलं, ‘ये भैंस मराठी नहीं समझती, रोज इसको फोन सुनाना पडता है.’ गोंदियात पोचेपर्यंत तिच्यावर हसणारी तोंडं चिकटली होती. पुढं ती कुठं कुठं गेली देव जाणे.

इकडे मला मात्र चैन पडेना. एक म्हैस ज्या भाषेवर दूध देते, ती भाषा खोटी कशी असेल? दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की मी नेटवर शोधायचे. ‘मानेगाचा’ घातलं की मला मानेगाव नावाची दहा गावं दिसायची. मग एकदा मी मंगोलियाच्या भाषेतले आकडे शोधले आणि काका आल्यावर त्यांना ऐकवले. नेग, होयोर, गुरव, दोरोव, ताव.

काका उभे राहिले. “पुन्हा लाव!”

पुन्हा लावलं.

“नेगे, नेग! गुरां, गुरव! अवो बाई, हे तं माज्या मायच्या भैनीची लेकरं होत!”

“गुरव तर आमच्या मंदिरात असतो,” मी म्हटलं.

“असो ना! तुमचा मंदिरात, आमचा तीन नंबरले!”

त्या दिवसापासून माझं दुकान म्हणजे संशोधन केंद्र झालं. सातबारा मागायला आलेला माणूस ताटकळत बसायचा आणि मी आणि काका मंगोलांच्या नात्यागोत्यात शिरायचो. शेवटी सापडलं! पुस्तकवाल्यांनी ह्या भाषेचं नाव ‘बोनान’ ठेवलंय. काका केवढे भडकले! “बोनान कोन? मी नाई ओळखत बोनानले!” मी समजावलं, काका, घरी बंड्या आणि शाळेच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर असतो ना, तसं. तिथल्या जुन्या किल्ल्याच्या नावावरून पडलंय ते. मग त्यांनी ‘दाखल्यावरचं नाव’ म्हणून बोनान चालवून घेतलं.

नातं मी त्यांना असं सांगितलं. मंगोल भाषांचं एक मोठं खानदान आहे. मंगोलियातली भाषा त्यातली थोरली, तिचा मान मोठा. एक बहीण उत्तरेला बैकल तळ्यापाशी राहते, बुरियात. एक पार रशियात व्होल्गा नदीकाठी जाऊन बसली, काल्मिक. आणि खाली दक्षिणेला, चीनच्या चिंगहाई आणि गान्सू प्रांतांच्या डोंगरात धाकट्या बहिणी अडकल्या: मोंगुओर, दोंगशियांग, कांगजिया आणि आपली बोनान. म्हणतात, मंगोल फौजेतले लोक तिथंच मागं राहिले, त्यांची ही लेकरं. शेजार तिबेट्यांचा आणि चिन्यांचा, म्हणून त्यांचे शब्द, त्यांच्या लकबी घरात आल्या. बोलणारे सगळे मिळून काही हजार. त्यातले काही बुद्धाला मानतात, आणि काही मुसलमान आहेत. ते फार पूर्वी खोरं सोडून गान्सूकडे गेले.

“मुसलमान?” काकांचे डोळे चमकले. “म्हंजे माजे मुसलमान भाऊ भी हायेत?” ते तसेच उठले आणि बाजारातल्या चिकनवाल्या रशीदभाईंना जाऊन सांगून आले. रशीदभाईंनी काही न समजता त्यांना मिठी मारली आणि चहा पाजला.

सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला तो ‘ह’चा. जुन्या मंगोल भाषेत कितीतरी शब्दांच्या सुरुवातीला ‘ह’ होता. थोरलीनं तो टाकून दिला. दहाला तिकडं ‘अरव’ म्हणतात. डोंगरातल्या धाकटीनं मात्र ‘ह’ जपला. मानेगाचात दहा म्हणजे ‘हरवां’.

“पाहा!” काका टेबलावर हात आपटून म्हणाले. “मोठ्या घरच्यायनं हरवलं, अन् आम्ही हरवां ठेवलं!”

मला आमच्या झाडीबोलीची आठवण झाली. मी नागपूरला शिकायला होते तेव्हा ‘कशाला’च्या जागी ‘कायले’ म्हटलं की मुली हसायच्या. मी काकांना ते सांगितलं. ते म्हणाले, “हसू दे. त्यायच्या जवळ नाई ते तुज्याजवळ हाये.”

असं आमचं चाललं होतं, तेवढ्यात उन्हाळ्याच्या तोंडाला दुकानाच्या नंबरवर एक फोन आला. क्लिपखाली माझ्या दुकानाचं नाव आणि नंबर होता. बोलणारी मुलगी मोडक्या हिंदीत म्हणाली, ती कर्नाटकातल्या तिबेटी वसाहतीतून बोलतेय, भिक्षुणींच्या मठातून. तिथल्या एका स्वेटरवाल्यानं हसायला म्हणून ती म्हशीची क्लिप सगळ्यांना ऐकवली. सगळ्या हसल्या. कोपऱ्यात एक म्हातारी आनी बसली होती. आनी म्हणजे भिक्षुणी. ती हसली नाही. ती उठून आली आणि फोनला कान लावून बसली.

“दीदी, वो पूछ रही हैं,” मुलगी म्हणाली, “ये आदमी जिंदा है क्या?”

मी दुकान उघडं टाकून कॅम्पाकडे गाडी पळवली. काका मक्याच्या कणसांचे दाणे काढत होते. मी ओरडूनच सांगितलं. त्यांनी दाण्यांची टोपली उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग म्हणाले, “आता दाढी कराव लागते.”

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल ठरला. काका आले ते त्यांच्या लग्नातला जाड लोकरी तिबेटी झगा घालून. बाहेर आमचं ऊन, ज्यात कुत्रंही रस्त्यावर येत नाही, आणि हे घामानं निथळतायत! पण झगा काढायला तयार नाहीत. “पयल्यांदा मायच्या बोलीचं मानूस पाहून राहिलो. बनेनवर पाहू काय?” बातमी पसरलेलीच होती. कॅम्पातले दोन-तीन म्हातारे आले. तेच, भाषा खोटी म्हणणारे. भोजराज आला, म्हणाला, “माज्या म्हशीमुळं झालं हे.” रशीदभाई चहा घेऊन आले. पंखा फिरत होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

फोन लागला. पडद्यावर इवलासा सुरकुतलेला चेहरा, डोक्यावर केस नाहीत, तोंडात दात नाहीत. ती फोनच्या फार जवळ आली, तिचा नुसता एक डोळाच दिसायला लागला.

काकांनी तोंड उघडलं आणि बंद केलं. पुन्हा उघडलं. मग ते बोलले. धडाधड चार-पाच वाक्यं.  आणि मग ती म्हातारी हसायला लागली. हसता हसता खोकला आला, मुलीनं तिची पाठ चोळली, तरी हसतेच आहे.

“काय म्हटलं तुम्ही?” मी विचारलं.

काका लाल झाले होते. “मले दुसरं कायी सुचलंच नाई. मी म्हटलं, ये, ये. सीधी उभी राह्य. लात मारू नोको.”

दुकान हसून हसून कोसळायचं बाकी राहिलं. पण पलीकडून आनीनं बोट वर केलं आणि सगळे गप्प झाले. ती म्हणाली, “नेगे.” काका म्हणाले, “गुवार.” ती म्हणाली, “गुरां.” असं करत करत दोघं वर चढली. शेवटच्या आकड्याला दोघं एकदमच बोलली, “हरवां!” ‘ह’ अगदी खणखणीत, दोघांचाही!

काका कॅम्पातल्या म्हाताऱ्यांकडे वळले. “ऐकलं? माय सरकली होती म्हने! ऐकलं का?” म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. त्यातला एक उठला आणि त्यानं काकांच्या गळ्यात आपलं पांढरं उपरणं घातलं. भोजराजनं शिट्टी मारली.

मग आनी सावकाश काहीतरी विचारू लागली. काका उत्तर द्यायला जायचे आणि अडायचे, मग तिबेटीत बोलायचे. पुन्हा प्रयत्न, पुन्हा अडणं. शेवटी ती मऊ आवाजात बरंच काही बोलली. काका ऐकत राहिले. फोन बंद झाल्यावर लोक पांगले, चहाचे पेले गेले, तरी ते झग्यात तसेच बसून होते.

“काय म्हणाल्या त्या?” मी विचारलं.

“म्हने, जनावराशी असं नाई बोलत आमच्याकडे. जनावराशी बोलाची रीत अलग हाये.” ते झग्याच्या बाहीनं मान पुसत होते. “म्हने, हे तं लेकराशी बोलाचं हाये. ये, जेव, पान्याजवळ जाऊ नोको, पाय झाक. म्हने, तू सारा लेकरावानी बोलून राहिला. तिनं विचारलं, बायको कशानं वारली, तं मले सांगताच नाई आलं. तो शबुद मायनं कायले शिकवला असता?”

मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

“गुडघा दुखते, हे भी नाई येत मले,” ते म्हणाले. “येवढा म्हातारा झालो, पन माज्या बोलीत मी अजून पोरगाच हाये.” मग जरा वेळानं म्हणाले, “मले कधी कधी वाटे बाई, मायनं मले खेळवाले बनवली असन ही. खरंच बनवली असन. कोनाले बोललो नाई मी हे.”

त्यानंतर रोज फोन व्हायला लागला. काका दुकानात यायचे ते नवा शब्द घेऊन, जणू बाजारातून ताजी भाजी आणलीय. एक दिवस म्हणे, आज गुडघा मिळाला. एक दिवस जावई मिळाला. विधुर हा शब्द मिळाला त्या दिवशी ते लवकर घरी गेले. चुकले की आनी त्यांना रागवायची आणि ते भर दुकानात कान पकडायचे. मुलीला दिल्लीला फोन करून म्हणाले, “तू भी शिक.” ती म्हणाली, “बाबा, ड्यूटीवर आहे.” पण पुढच्या आठवड्यात तिनं फोनवर दहापर्यंत मोजून दाखवलं, आणि त्या आनंदात काकांनी सगळ्या दुकानाला समोसे दिले.

दिवाळीनंतर कॅम्पातले लोक स्वेटरचे गठ्ठे घेऊन निघाले, तेव्हा काकाही निघाले, कर्नाटकाकडे. मी विचारलं, किती दिवस? म्हणाले, “शबुद सरतपर्यंत.”

ते परत आले तेव्हा आमच्याकडे उन्हाळी धानाची रोवणी चालू होती. वाळले होते, पण चेहरा निवांत. मी सगळं काम बाजूला ठेवलं, खुर्ची दिली आणि म्हटलं, “सांगा काका! काय काय बोललात? दोन महिने नुसता मानेगाचा!”

“पयले आठ दिवस लय बोललो,” काका म्हणाले. “रात न् दिवस. तिचं गाव, माजं गाव, कोनाची शेती कोठी, कोन कोनाचा. मंग सरलं.”

“सरलं?”

“तिले आता दम लागते वो. जास्त बोलवत नाई. दोपारी जेवन झालं का ती झोपे, अन् मी बाजूले बसून राहो.” त्यांनी खुर्ची दाराकडे वळवली. “झोपेत बडबडते म्हातारी. तिथल्या पोरी सांगत होत्या, येवढ्या वर्षांपासून बडबडते, पन काय बोलते ते कोनालेच समजत नाई.”

“काय बोलतात?”

“कायी नाई. लाकडं आनली का. दार लावलं का. बकऱ्या मोजल्या का. घरातलंच.” काका रस्त्याकडे पाहत होते. “मी मंग हळूच सांगो. आनली. लावलं. मोजल्या. मंग ती गुमान झोपे.”